पिस्टन रिंग किती वॉट खाते? उच्च दाबाच्या हायड्रॉलिक पंपातल्या रिंग-घर्षणाचा हिशेब

पंप टेस्ट बेंचवर चढवला, तेल ५० अंशांवर आणलं, दाब ३५० बारपर्यंत नेला आणि टॉर्क मोजला. कागदावर ३०६ न्यूटन-मीटर यायला हवे होते, मीटर ३२० दाखवतोय. वरचे १४ न्यूटन-मीटर कुठे गेले? बेअरिंगमध्ये, वॉल्व्ह प्लेटवर (पिस्टनांकडे तेल आत-बाहेर सोडणारी चकती), केसमधल्या (पंपाच्या बाहेरच्या कवचातल्या) तेलाच्या घुसळणीत, पिस्टनच्या बॉल जॉइंटमध्ये आणि पिस्टन रिंगांमध्ये, म्हणजे पिस्टनच्या खाचेत बसून बोअरला (पिस्टन चालतो त्या भोकाला) टेकणाऱ्या, एका जागी कापलेल्या कड्यांमध्ये. या यादीत रिंगांचा वाटा किती, हे पंप न उघडता कागदावर कसं काढायचं आणि त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, ते या लेखात सांगतो.

हे काम शिकत होतो तेव्हा मी फक्त रिंगची स्वतःची स्प्रिंग धरून हिशेब केला होता. रिंग बोअरवर किती जोराने फाकते ते काढलं, त्याला घर्षणांकाने गुणलं, पिस्टनच्या वेगाने गुणलं. सात पिस्टनांच्या पंपाचं उत्तर आलं जेमतेम १६-१७ वॉट. ४८ किलोवॉटच्या पंपात एवढ्याशा आकड्याकडे कोण बघणार, म्हणून मी तो सोडूनच दिला. ती चूक तीसपटीची होती. उच्च दाबाच्या पंपात रिंगला बोअरवर दाबून धरतो तो रिंगमागे शिरलेल्या तेलाचा दाब. स्प्रिंगचं काम एवढंच, की सुरुवातीला रिंगने बोअरला टेकावं.

आधी पंप ओळखा

सगळ्या पिस्टन पंपांना रिंगा नसतात. स्वॉश प्लेट पंपात (जिथे एक तिरकी चकती पिस्टनांना मागे-पुढे हलवते) बहुतेक वेळा साधा लॅप केलेला, म्हणजे बारीक घासून गुळगुळीत केलेला पिस्टन काही मायक्रॉनच्या फटीत चालतो, रिंग नसतेच. तिथे स्वॉश प्लेटच्या कलामुळे पिस्टन बोअरच्या भिंतीवर आडवा दाबला जातो आणि घर्षणाचा मोठा भाग तिथून येतो. १८ अंशांच्या कलाला हा आडवा जोर पिस्टनवरच्या अक्षीय जोराच्या साधारण ३२ टक्के असतो. त्या पंपाला हा हिशेब लावू नका. पाण्याच्या उच्च दाब प्लंजर पंपात पॅकिंग असतं, त्याचं गणित वेगळं.

रिंगा सापडतात त्या मुख्यतः बेंट अ‍ॅक्सिस पंपांत आणि मोटरांत (यांत पिस्टनांचा सिलिंडर शाफ्टशी कोनात बसवलेला असतो), जिथे पिस्टनचं डोकं गोलाकार किंवा पिस्टन निमुळता असतो आणि सील करायचं काम रिंगेवर असतं. कमी वेगाच्या रेडियल पिस्टन मोटरांतही त्या असतात. पुढचं उदाहरण बेंट अ‍ॅक्सिस पंपाचं आहे.

पायरी १: मापं गोळा करा

उदाहरणासाठी हे आकडे धरू. तुमच्या पंपाचे त्यांच्या जागी घाला.

- पिस्टन ७, बोअरचा व्यास २० मिमी, स्ट्रोक २५ मिमी
- वेग मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५
- उच्च बाजू ३५० बार, भरण्याची बाजू ५ बार
- प्रत्येक पिस्टनला एक रिंग: अक्षीय रुंदी २ मिमी, त्रिज्येच्या दिशेने जाडी १ मिमी
- तेल ४६ ग्रेडचं, ५० अंश सेल्सिअसवर

बार सोडून मेगापास्कलमध्ये आलात तर हिशेब हलका होतो, कारण १ मेगापास्कल म्हणजे बरोबर १ न्यूटन प्रति चौरस मिमी. ३५० बार म्हणजे ३५ आणि ५ बार म्हणजे ०.५.

यातून लगेच निघणाऱ्या गोष्टी: पिस्टनचं क्षेत्रफळ ३१४ चौ. मिमी, पंपाचं विस्थापन (एका फेऱ्यात ढकललं जाणारं तेल) ५५ घन सेमी, प्रवाह मिनिटाला ८२.५ लिटर, हायड्रॉलिक शक्ती ४८.१ किलोवॉट. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे दोन स्ट्रोक गुणिले सेकंदाचे फेरे, १.२५ मीटर प्रति सेकंद. स्ट्रोकच्या मध्यावर तो १.९६ पर्यंत चढतो आणि दोन्ही टोकांना शून्य होतो. रिंग बोअरला टेकते ते क्षेत्र, म्हणजे पाय (π) गुणिले २० गुणिले २, १२५.७ चौ. मिमी.

एक मात्र नीट बघा. रिंगची रुंदी ड्रॉइंगवरून घेऊ नका, चाललेली रिंग हातात घ्या. दहापट भिंगाखाली धरली की बोअरला खरोखर घासलेला पट्टा आरशासारखा चकाकतो आणि न घासलेल्या भागावर मूळ मशीनिंगच्या रेघा तशाच राहिलेल्या दिसतात. २ मिमीच्या रिंगवर चकाकी १.४ मिमीचीच असेल, तर ती कोणत्या कडेला आहे ते पाहा. कमी दाबाच्या कडेला पट्टा आणि उच्च दाबाच्या कडेला कोरा भाग असेल, तर त्या कोऱ्या भागावर समोरूनही पूर्ण दाब येतो आणि मागचा दाब तिथे निष्प्रभ होतो. मग हिशेबात १.४ मिमीच धरायचे. पट्टा परिघावर एका बाजूला रुंद आणि समोरच्या बाजूला अरुंद असेल, तर रिंग खाचेत तिरकी बसते आहे किंवा बोअर गोल राहिलेला नाही. अशा वेळी आधी बोअर मोजा, हिशेब नंतर.

पायरी २: रिंगची स्वतःची स्प्रिंग

हा भाग छोटा आहे, तरी काढून ठेवा. कमी दाबाला आणि परतीच्या स्ट्रोकला तोच उरतो.

मोजून काढायचं तर रिंगभोवती पातळ पोलादी पट्टीचा एक वेढा द्या आणि दोन्ही टोकं स्पर्शरेषेच्या दिशेने ओढा. बोअरमध्ये असताना तोंडाची फट जेवढी असते तेवढी होईपर्यंत ओढायचं. पट्टीच्या घर्षणाने आकडा फसवू नये म्हणून ओढताना पट्टीवर हलके टिचक्या मारत राहा. येणाऱ्या बलाची दुप्पट करा आणि व्यास गुणिले रुंदीने भागा, की भिंतीवरचा दाब मिळतो. ६ न्यूटन बल आलं तर २ × ६ ÷ (२० × २), म्हणजे ०.३ मेगापास्कल.

मोजायची सोय नसेल तर मोकळ्या रिंगच्या फटीवरूनही काढता येतं:

दाब = लवचिकता गुणांक × फटीतला फरक ÷ [७.०७ × व्यास × (व्यास ÷ जाडी − १)³]

फटीतला फरक म्हणजे मोकळी फट वजा बसवलेली फट. बिडाच्या रिंगला लवचिकता गुणांक सुमारे १,००,००० मेगापास्कल धरा. आपल्या रिंगची फट २.९ मिमीने मिटत असेल तर याही सूत्राने ०.३ च येतात. जाडीचा घन इथे आहे, तेव्हा ती मायक्रोमीटरनेच मोजा. जाडीत ५ टक्के चूक झाली तर उत्तर १५ टक्क्यांहून जास्त हलतं.

पायरी ३: रिंगमागचा दाब

खरा खेळ इथे आहे. खाचेत रिंगला थोडी अक्षीय मोकळीक असते. दाब चढला की तेल रिंगला खाचेच्या कमी दाबाच्या भिंतीवर ढकलतं, उच्च दाबाच्या बाजूची फट उघडी राहते आणि तेल रिंगच्या पाठीशी जाऊन भरतं. पाठीवर जवळजवळ पूर्ण ३५ मेगापास्कल. समोर, रिंग आणि बोअर यांच्यामधल्या पातळ थरात, दाब एका कडेला ३५ आणि दुसऱ्या कडेला केसचा, म्हणजे जवळपास शून्य. थर सगळीकडे सारख्या जाडीचा असेल तर दाब सरळ रेषेत उतरतो आणि समोरचा सरासरी दाब निम्मा, १७.५ होतो.

पाठीमागचा वजा समोरचा, म्हणजे निव्वळ दाब १७.५. एकूण दाबाचा जो भाग रिंगला बोअरवर दाबतो, त्याला मी दाबगुणक म्हणतो. इथे तो ०.५ आहे. जोर:

(०.५ × ३५ + ०.३) × १२५.७ = २२३७ न्यूटन

यात स्प्रिंगचा भाग ३८ न्यूटन, बाकी सगळं तेलाचं.

दाबगुणक कायम ०.५ नसतो. रिंगचा चेहरा असा झिजला, की उच्च दाबाच्या बाजूला थर जाड आणि कमी दाबाच्या बाजूला पातळ आहे, तर दाब समोर खोलवर शिरतो, सरासरी वाढते आणि दाबगुणक ०.५ च्या खाली येतो. उलट झालं, फट कमी दाबाच्या बाजूला उघडली, तर समोरचा दाब आधीच गळून जातो आणि दाबगुणक वर चढतो. एखाद्या मायक्रॉनचा उतारही पुरतो, कारण थरच तेवढ्या जाडीचा असतो. चेहऱ्याचं प्रोफाइल मोजलेलं नसेल तर ०.३५ ते ०.६५ असा पट्टा धरा.

दोन रिंगा असतील तर दुप्पट करायचं का? नाही. समजा, दोन रिंगांच्या मध्ये दाब २० मेगापास्कल आहे. पहिल्या रिंगवर ३५ आणि २० मधला फरक, १५, त्याचा निम्मा ७.५. दुसरीवर २० चा निम्मा १०. बेरीज पुन्हा १७.५. मधला दाब कितीही असो, दाबगुणक दोघींचा ०.५ असेल तर एकूण जोर एका रिंगएवढाच राहतो. दुप्पट होतो तो फक्त स्प्रिंगचा भाग. रिंगा दोन म्हणून घर्षण दुप्पट धरलेली बरीच कोष्टकं मी पाहिली आहेत. ती एवढ्या एका गोष्टीने चुकतात.

पायरी ४: घर्षणांक कुठून आणायचा

जोर कळला, आता घर्षणांक. इथे बहुतेक जण कोष्टकातला आकडा उचलतात. तसं करण्याआधी तेलाचा थर किती जाड आहे ते एकदा काढून बघा, म्हणजे आकडा कोणत्या टप्प्यातून घ्यायचा ते कळतं.

४६ ग्रेडच्या तेलाची व्हिस्कॉसिटी ५० अंशांवर साधारण ३० सेंटिस्टोक. घनता ०.८५ धरली तर २५.५ मिलिपास्कल-सेकंद. दाबाने तेल घट्ट होतं. ३५० बारला खनिज तेलाची व्हिस्कॉसिटी साधारण दुप्पट होते. रिंगसमोरच्या सरासरी दाबाला, म्हणजे १७५ बारला, सुमारे १.४ पट. म्हणून ३६ मिलिपास्कल-सेकंद धरू.

परिघाच्या प्रत्येक मीटरवर येणारा जोर: २२३७ ÷ ०.०६२८ = ३५,६०० न्यूटन. रिंगच्या चेहऱ्याला सर्वांत अनुकूल उतार आहे असं मानलं, तर थराची किमान जाडी अशी येते:

जाडी = रुंदी × वर्गमूळ (०.१६ × व्हिस्कॉसिटी × वेग ÷ मीटरमागचा जोर)

सरासरी वेगाला हे ०.९ मायक्रॉन येतं आणि मध्यावरच्या १.९६ वेगाला १.१ मायक्रॉन. हे झालं सगळं मनासारखं असताना. खऱ्या रिंगला तसा उतार मिळत नाही, म्हणून मी याच्या निम्मं धरतो: मध्यावर ०.५५ मायक्रॉन.

आता पृष्ठभाग. रिंगचा खडबडीतपणा ०.२ मायक्रॉन आणि बोअरचा ०.३५, दोन्ही वर्गमध्यमूळ मापात. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की ०.४ मायक्रॉन. थराची जाडी भागिले हा खडबडीतपणा, हे गुणोत्तर १ च्या खाली असेल तर धातू धातूला घासतो आणि वंगण म्हणून तेलातल्या अ‍ॅडिटिव्हचा पापुद्राच काय तो उरतो. १ ते ३ मध्ये मिश्र स्थिती. ३ च्या वर पूर्ण थर.

आपल्याकडे मध्यावर १.४. वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो तिथे बरोबर १. म्हणजे वेग निम्म्याहून कमी असलेल्या टोकांच्या भागात रिंग घासत जाते आणि बाकी स्ट्रोकभर मिश्र स्थितीत राहते. साइन गतीत ही टोकं वेळेने एक तृतीयांश असतात, पण अंतराने दोन्ही मिळून फक्त १३.४ टक्के. ऊर्जा अंतरावर खर्च होते, तेव्हा सरासरीही अंतराच्या वजनाने काढायची. टोकांना घर्षणांक ०.१० आणि मध्ये ०.०४ धरला तर:

०.१३४ × ०.१० + ०.८६६ × ०.०४ = ०.०४८

०.०५ धरायला हरकत नाही.

पूर्ण थर मानला असता तर काय आलं असतं, तेही पाहून घ्या. व्हिस्कॉसिटी, वेग आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार भागिले ०.९ मायक्रॉन, म्हणजे ६ न्यूटनच्या आसपास. घर्षणांक ०.००३. मिश्र स्थितीच्या आकड्याहून पंधरा-वीस पटींनी कमी. केवळ तेलाच्या घसरणीचं सूत्र लावून रिंगचं घर्षण नगण्य ठरवणारे हिशेब इथेच घसरतात.

पायरी ५: वॉटमध्ये आणा

उच्च दाबाच्या स्ट्रोकला घर्षण: २२३७ × ०.०५ = ११२ न्यूटन. गुणिले २५ मिमी म्हणजे २.८० ज्यूल. परतीच्या स्ट्रोकला ५ बारला जोर (०.५ × ०.५ + ०.३) × १२५.७ = ६९ न्यूटन, घर्षण ३.५ न्यूटन, काम ०.०९ ज्यूल. बेरीज २.८८ ज्यूल. सात पिस्टन, सेकंदाला २५ फेरे:

२.८८ × ७ × २५ = ५०५ वॉट

टॉर्कमध्ये ३.२ न्यूटन-मीटर. सुरुवातीला हरवलेल्या १४ पैकी एवढे रिंगांचे. ४८.१ किलोवॉटच्या तुलनेत १.०५ टक्के.

वॉल्व्ह प्लेटवर दाब चढायला आणि उतरायला जो कोन लागतो तो मी इथे सोडला आहे. तो टोकाजवळ असतो, तिथे पिस्टन फार सरकत नाही, त्यामुळे फरक किरकोळ राहतो.

स्प्रिंग आणि परतीचा स्ट्रोक सोडून दिले तर या सगळ्याचं एक सुटसुटीत सूत्र होतं:

घर्षणाचा वाटा = ४ × घर्षणांक × दाबगुणक × रिंगची रुंदी ÷ बोअरचा व्यास

आपल्यासाठी ४ × ०.०५ × ०.५ × २ ÷ २० = ०.०१. दाब यातून निघूनच गेला आहे. २०० बार असो की ४००, टक्का तोच. स्ट्रोकही गेला, पिस्टनांची संख्याही गेली. उरलं ते रुंदी आणि व्यासाचं गुणोत्तर आणि दोन गुणांक. नवा पंप समोर आला की मी आधी हे सूत्र तोंडी लावून बघतो, कोष्टक मागाहून.

पायरी ६: एक आकडा देऊ नका

घर्षणांक ०.०३ ते ०.०८ आणि दाबगुणक ०.३५ ते ०.६५ असे दोन्ही पट्टे लावले तर उत्तर २०० वॉटपासून १ किलोवॉटपर्यंत जातं. अहवालात "५०५ वॉट" एवढंच लिहिणं वाचणाऱ्याची फसवणूक आहे. "०.५ किलोवॉट, पट्टा ०.२ ते १" असं लिहा. पट्टा पाचपट रुंद वाटतो, पण निर्णयाला तेवढा पुष्कळदा पुरतो. ४ टक्के टॉर्क हरवला असेल, तर रिंगा त्याच्या निम्म्याहून फार जास्त खात नाहीत, एवढं तरी ठाम सांगता येतं आणि शोध वॉल्व्ह प्लेट, बेअरिंगकडे वळवता येतो.

पट्टा अरुंद करायचा असेल तर पैसा आणि वेळ रिंगच्या चेहऱ्याचं प्रोफाइल आणि बोअरचा खडबडीतपणा मोजण्यात घाला. दाब किंवा स्ट्रोक अधिक अचूक मोजून काही हाती लागत नाही.

पायरी ७: कामाची स्थिती बदलली तर

कमी दाब: वाटा फारसा हलत नाही. १०० बारलाही तो एक टक्क्याच्या आसपासच. १० बारला मात्र स्प्रिंगचा भाग आणि परतीचा स्ट्रोक डोकं वर काढतात आणि वाटा अडीचपट होतो. पण तिथे एकूण वॉटच इतके थोडे असतात, की सोडून द्या.

विस्थापन कमी केलं: सिलिंडरचा कोन घटवला की स्ट्रोक घटतो, रिंगेची हानी आणि पंपाची शक्ती दोन्ही एकाच प्रमाणात उतरतात. अर्ध्या विस्थापनाला पंपाची कार्यक्षमता घसरते, त्यात बेअरिंग आणि घुसळण यांचा हात मोठा असतो. वेग घटल्याने घर्षणांक थोडा चढतो, तेवढी दुरुस्ती करा.

तापमान: इथे लोक चुकतात. तेल तापलं की पंप हलका चालतो, असं सर्रास मानलं जातं. घुसळणीपुरतं ते खरं आहे. रिंगेचं उलट होतं. ८० अंशांवर याच तेलाची व्हिस्कॉसिटी ११ सेंटिस्टोकच्या आसपास येते, थराची जाडी ०.६ पट होते आणि मध्यावरचं गुणोत्तर १.४ वरून ०.८५ वर उतरतं. म्हणजे स्ट्रोकभर रिंग घासतच जाते. घर्षणांक ०.०८ ते ०.१० कडे सरकतो आणि हानी दुपटीच्या जवळ पोचते. गरम तेलावर टॉर्क वाढलेला दिसला तर आधी रिंगांचा विचार करा.

हाच पंप मोटर म्हणून चालवला आणि थांबलेल्या स्थितीतून उचलायचा असेल, तर थर नसतोच. घर्षणांक ०.१२ धरून सूत्र लावलं तर सुरुवातीच्या टॉर्कचे २.४ टक्के रिंगांत जातात. पंपात हे घर्षण लागणाऱ्या टॉर्कमध्ये मिळवायचं, मोटरमध्ये मिळणाऱ्यातून वजा करायचं.

पायरी ८: बेंचवर पडताळा

तेलाचं तापमान आणि फेरे स्थिर ठेवून ५० बारपासून ३५० पर्यंत सहा-सात ठिकाणी टॉर्क मोजा. प्रत्येक ठिकाणी दाबातला फरक गुणिले विस्थापन भागिले दोन पाय, एवढा टॉर्क वजा करा. उरलेला टॉर्क दाबासमोर मांडला की जवळजवळ सरळ रेषा येते. रेषा शून्य दाबाला जिथे छेदते तो भाग घुसळणीचा आणि बेअरिंगच्या स्थिर ओढीचा. रेषेचा चढ दाबासोबत वाढणाऱ्या घर्षणाचा, आणि रिंगा त्यातच. आपल्या हिशेबाने रिंगांचा चढ १०० बारला ०.९ न्यूटन-मीटर. मोजलेला सगळा चढच याहून कमी आला तर तुमचा घर्षणांक किंवा दाबगुणक जास्त धरला गेला आहे, यात शंका नको.

नव्या रिंगांवर हे मोजू नका. खडबडीतपणाची टोकं घासून जाईपर्यंत पंप चालू द्या.

याच चाचणीत एक मोठा खड्डा आहे. विस्थापन एक टक्क्याने चुकीचं धरलं तर ३५० बारला ३ न्यूटन-मीटरची चूक होते, म्हणजे रिंगांचा अख्खा आकडाच त्यात बुडतो. कॅटलॉगमधलं विस्थापन वापरू नका. अगदी कमी दाबाला मोजलेल्या प्रवाहावरून काढा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे त्याच पंपात २ मिमीच्या जागी १.५ मिमी रुंदीच्या रिंगा, त्यांना साजेशा खाचेच्या पिस्टनांसह, बसवून पुन्हा मोजणं. दोन टॉर्कमधल्या फरकात विस्थापनाची चूक कटून जाते. आपल्या अंदाजाने हा फरक ०.८ न्यूटन-मीटर यायला हवा.

पंप बाजूला ठेवून फक्त रिंग तपासायची असेल तर एक सोपी मांडणी आहे. एकाच लांब बोअरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर ठेवा, मधून एका दांड्याने जोडा आणि मधल्या जागेत दाब भरा. दाब दोघांना एकमेकांपासून दूर ढकलतो, दांडा तो ताण घेतो आणि हायड्रॉलिक बलं एकमेकांना खोडतात. ११ किलोन्यूटनचं बल बाजूला झालं की लोड सेलला फक्त दोन रिंगांचं घर्षण दिसतं. सगळी जोडी मागे-पुढे ओढा, दोन्ही दिशांची सरासरी घ्या, दोनने भागा. ३५० बारला सव्वा मीटर वेगाने लोड सेलवर २२० न्यूटनच्या आसपास आणि अगदी मंद गतीला ४५० च्या आसपास दिसायला हवेत. मंद गतीचा आकडा आला की थर नसतानाचा घर्षणांक मिळाला आणि वेग वाढवत गेलात की मिश्र स्थितीचा उतार मिळाला. मग पायरी ४ मधले ०.१० आणि ०.०४ हे माझे आकडे काढून तिथे तुमचे घाला. दोन्ही पिस्टन एका रेषेत मात्र हवेत. थोडा तिरकेपणा राहिला तर आडव्या जोराचं घर्षण मिसळतं आणि रिंगेच्या नावावर खपतं.

रिंग अरुंद करायची का?

सूत्रात रुंदी सरळ गुणाकारात आहे, त्यामुळे अरुंद रिंगेचा मोह होतो. २ चे १.५ मिमी केले तर सुमारे १२५ वॉट वाचतात. पण रिंगसमोरचा गळतीचा मार्गही आखूड होतो. ३५० बारला मिनिटाला एक लिटर गळती म्हणजे ५८३ वॉट. सगळ्या पिस्टनांची मिळून गळती मिनिटाला ०.२ लिटरने वाढली, तरी वाचलेलं सगळं परत गेलं, वर केसमधलं तेल आणखी तापलं. म्हणून रुंदी बदलण्याआधी केस ड्रेनचा (केसमध्ये गळलेलं तेल बाहेर नेणाऱ्या नळीचा) प्रवाह मोजून लिहून ठेवा आणि बदलल्यावर त्याच दाबाला, त्याच तापमानाला पुन्हा मोजा. ड्रेन ०.२ लिटरपेक्षा कमी वाढला असेल तरच अरुंद रिंग ठेवा.